दुमडीची रेघ

विश्वंभर घार्ग्याची कांचन दुसऱ्याच्या चुका पकडून पोट भरते. गावात हे सांगितलं की म्हातारी माणसं विचारतात, "म्हंजी पोलिसात हाय व्हय?" पोलिसात नाही. बडोद्यात गोरव्याला एका कारखान्याच्या माडीवर कार्टूनचा स्टुडिओ आहे, तिथं ती चेकर आहे. खाली प्रेस आदळला की वरची फरशी थरथरते, आणि त्या थरथरत्या फरशीवर बसून ही बाई पडद्यावरच्या पोरींच्या वेण्यांचे पेड मोजते. मागच्या चित्रात चार आणि पुढच्यात पाच झाले, की चित्र परत.

विश्वंभर आमच्या खटाव तालुक्यातला. तेहतीस वर्षांपूर्वी बडोद्याच्या मकरपुऱ्यात लेथवर लागला, तेव्हा कांचन आईच्या, मथुराबाईच्या पदराखाली होती. ड्रॉइंगवर जे माप असेल ते लोखंडात उतरलं पाहिजे, केसभरही इकडंतिकडं नको, असा हा गडी. पोरगी बापावर गेली. लग्नाचं विचारू नका. तिनं तीन स्थळं तपासली, तिन्हींत चुका निघाल्या.

बडोद्यात जन्म काढला तरी तिच्या तोंडातलं हाय-न्हाई गेलं नाही. बाहेर गुजराती फाडफाड बोलते, पण मराठी घरचीच. स्टुडिओचा मुख्य यशराज, तिथल्याच जुन्या मराठा घरातला. तो एकदा म्हणाला, "कांचनबेन, तुमची मराठी म्हणजे अगदी शेतातून उपटून आणल्यासारखी."

"मुळासकट आणलीय," ही म्हणाली. "तुमची कुंडीतली."

तर या स्टुडिओत 'गोदी वाढते' नावाची मालिका बनत होती. सव्वीस भाग. गोदी आणि निमू या दोन पोरी पाचवीत एका बाकावर बसतात आणि आठवीपर्यंत भांडत, रुसत, एकमेकींचं खात मोठ्या होतात, एवढीच गोष्ट. गोदीचं घर हातातोंडाचं, निमूचं खाऊनपिऊन सुखी. कार्टूनमध्ये प्रत्येक पात्राचं एक मॉडेल शीट असतं. पात्र पुढून, मागून, बाजूनं कसं दिसतं, त्याचा कागद. मुख्यानं त्यावर सही केली की तो कायदा. मग शंभर चित्रकार काढोत, शीटवर तीळ असेल तर प्रत्येक चित्रात तीळ पाहिजे.

यशराजनं पोरी काढल्या आणि शीटं साफ करायला, म्हणजे कच्च्या रेषा पक्क्या करायला, कांचनकडं दिली. तिनं साफ केली, आणि काही भरही घातली. निमूच्या डब्यात चमचे दोन. पण ज्या भागांत दोघींचं बोलणं बंद आहे त्या भागांसाठी वेगळं शीट, त्यात चमचा एक. गोदीच्या डाव्या चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. आणि गोदीच्या निळ्या स्कर्टवर, खालच्या काठाच्या वर, एक बारीक पांढुरकी रेघ. सहावीच्या शीटवर एक, सातवीच्या दोन, आठवीच्या तीन. आठवीतल्या निमूच्या स्कर्टवरही एक. ती मात्र वाकडी.

यशराजनं सगळ्या शीटांवर सह्या ठोकल्या. चित्रं निघाली. कांचननं प्रत्येक चित्रात रेघा मोजल्या. कुणाला काही कळलं नाही.

कळलं ते चॅनलला. एका सोमवारी सकाळी यशराज कागद हलवत आला. "कांचनबेन, रीटेकची यादी आली. सेहेचाळीस!"

रीटेक म्हणजे चुकलेलं चित्र परत करणं.

"सेहेचाळीस?" कांचनचा विश्वास बसेना. आजवर तिच्या नावावर एका मालिकेत चारच्या वर रीटेक लागले नव्हते.

"सगळ्यांना कारण एकच. स्कर्टवर नको असलेली रेघ. संख्या बदलते, कधी एक, कधी तीन. निमूची तर सरळही नाही."

"ह्या चुका न्हाईत."

"मग काय आहे?"

"दुमड हाय."

यशराजच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. त्याच्या घरी दर जूनला नवा गणवेश यायचा, त्याला दुमड कुठली माहीत? मग कांचननं उभ्या उभ्या शिकवणी घेतली. पोरीला कापड घ्यायचं ते वाढत्या मापाचं. चांगलं वीतभर जास्त. ते आत दुमडून एकावर एक तीन टिपा मारायच्या. पोरगी उंच झाली की दर वर्षी एक टीप उसवायची. वरचं कापड उन्हानं, साबणानं विटलेलं, आतलं कोरं, आणि जिथं मोड होता तिथं कापड झिजून रेघ उमटते. काय वाटेल ते करा, ती जात नाही.

"गोदी वाढते म्हनून नाव दिलंय नव्हं? मग ती कुटं वाढते? स्कर्टावर वाढते. शीटवर हाय समदं. खाली सही तुमची."

यशराजनं फाइल काढली, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "हे मी पाहिलंच नव्हतं."

"न बघता सही केली, त्यो माझा गुन्हा न्हाई."

तो हसला, पण लगेच खाली बसला. माणूस वाईट नव्हता. "ऐका. दोन दिवसांत रेघा पुसून टाकू. सॉफ्टवेअरची गडबड झाली म्हणून मी कळवतो. तुमच्या नावावर एकही लागणार नाही."

"आन न्हाई पुसल्या तर?"

"तर सेहेचाळीस तुमच्या नावावर. दहाच्या वर गेलं की चेकरची खुर्ची जाते, नियम तुम्हालाही ठाऊक आहे. परत पहिल्या ओळीत रंग भरायला बसाल. गुरुवारी चॅनलच्या रसिका मॅडम मुंबईहून येतायत. त्यांना पटलं नाही, तर रेघही जाईल आणि खुर्चीही."

नऊ वर्षं रंग भरून तिला ती खुर्ची मिळाली होती.

"येऊ द्या की," कांचन म्हणाली.

घरी आली तेव्हा मथुराबाई शिलाई मशीनवर बसली होती. "काय गं, शेनात पाय पडल्यागत तोंड का?"

कांचननं सांगितलं. विश्वंभर कंपनीच्या बसमधून उतरून नुकताच हातपाय धूत होता. त्यानं ओल्या हातानंच विचारलं, "ड्रॉइंगवर हाय का रेघ?"

"हाय."

"सही हाय?"

"हाय."

"मग जॉब बरोबर हाय. गप जेव."

त्याच्यापुरता निकाल लागला. मथुराबाईनं मात्र मशीनवरून काढून ठेवलेलं झाकण उचललं आणि पोरीच्या अंगावर फेकलं. "ह्ये ने. दाव त्या मॅडमला." झाकण म्हणजे कांचनचाच शाळेतला स्कर्ट. बाईनं तो उभा चिरून, चार बाजू शिवून मशीनला घातला होता. तेलाचे डाग पडलेले, पण तिन्ही रेघा ठणठणीत.

गोदीचं भागलं. राहिली निमूची वाकडी रेघ. तिचा पुरावा शहरातल्या मांडवीत, शाळेतल्या मैत्रिणीच्या घरात होता, आणि तो विचारल्याशिवाय वापरता येण्यासारखा नव्हता.

उदयसिंहरावांची नात मिताली. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडदळात होते, तो ताठा म्हाताऱ्याच्या मानेत शेवटपर्यंत होता. मिताली आणि कांचन एका बाकावर. आठवीत वर्गातल्या पोरींनी खेळ काढला. कांचन फळ्याकडं निघाली की मागून मोजायच्या, "एक, दोन, तीन!" आणि खिदळायच्या. चारपाच दिवस हे चाललं. कांचन रडणारी नव्हती, पण फळ्याकडं जायचं टाळायला लागली.

सोमवारी मिताली आली ती कोऱ्या करकरीत स्कर्टवर रेघ घेऊन. आठ दिवसांपूर्वी दुकानातून आणलेला स्कर्ट! रविवारी दुपारी तिनं स्वतः दुमडून टीप घातली, मोडावर दगडानं घासलं, टीप उसवली. जन्मात सुई न धरलेली पोरगी, रेघ शेळीच्या वाटेसारखी गेली. बाईंनी तासभर उभं केलं. उदयसिंहरावांचा आवाज मांडवीच्या दरवाजापर्यंत गेला म्हणतात. दुसरा स्कर्ट घे म्हणाले, तिनं घेतला नाही, वर्षभर तोच घातला. वर्गातलं मोजणं बंद पडलं. उदयसिंहरावांच्या नातीला कोण मोजणार?

दोघी यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. ना तेव्हा, ना पुढची वीस वर्षं. कांचननं ते बोलण्याऐवजी शीटवर काढलं.

मिताली आता दातांची डॉक्टर आहे. कांचननं तिला दवाखान्यात फोन लावला.

"मिताली, आठवीतली ती रेघ लोकांना सांगू का?"

मागं दातांच्या मशीनची घरघर थांबली. "कुठली रेघ?"

"स्कर्टावरची."

"तू पाहिली होतीस?"

"तीन वर्सं माझ्या स्कर्टावर रेघा होत्या. मला दिसनार न्हाई व्हय?"

मिताली म्हणाली, "सांग ना, मला काय वांधो आहे? फक्त वाकडी होती असं नको सांगू."

"वाकडीच होती."

"सीधी होती! ठेव आता, इथं माणूस तोंड उघडून बसलाय."

गुरुवारी रसिका मॅडम आल्या. बारीक बाई, बोलणं तोलून. चहाला हात लावला नाही. कांचननं टेबलावर मशीनचं झाकण पसरलं. यशराजनं डोळे मिटले.

मॅडमनी रेघेवरून बोट फिरवलं. मग दुसरीवरून, तिसरीवरून. कांचननं सगळं सांगितलं, हाय-न्हाई न लपवता.

"गोदीचं समजलं," मॅडम म्हणाल्या. "पण निमूच्या घरी दरवर्षी नवा येतो. तिसऱ्या भागात तिची आईच तसं म्हणते. नव्या कापडाला जुनी दुमड कशी? ही चूकच."

कांचननं मितालीचं सांगितलं. मीठमसाला न लावता, जेवढं घडलं तेवढंच. बोलून झालं तेव्हा खाली प्रेस आदळत होता आणि टेबलावरचा कप बशीत नाचत होता.

"आणि हे मालिकेत कोण कुठं बोलतं?"

"कुटंच न्हाई. आमी पन बोललो न्हाई."

"मग कळणार कुणाला?"

"ज्यांच्या घरी दुमड हाय त्यांना."

"आणि ज्यांच्या घरी नाही?"

"मला नाही कळलं, मॅडम," यशराज मधेच म्हणाला. "सही करूनसुद्धा. पण सोमवारपासून मला गोष्टीपेक्षा स्कर्टच दिसतायत."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लावा."

"कुठला भाग?"

"पहिल्यापासून."

त्या दिवशी त्यांनी जेवणसुद्धा तिथंच मागवलं. एकीकडं वही, एकीकडं मॉडेल शीटं. रेघ दिसली की पडदा थांबवायच्या, शीटवर बघायच्या, पुढं जायच्या. चमच्यांपाशी एकदा थांबल्या. मागं गेल्या, भांडणाचा भाग परत लावला, एकच चमचा बघितला आणि कांचनकडं मान वळवली. कांचननं नजर झुकवली नाही. खाली पाळी सुटल्याचा भोंगा झाला तेव्हा कुठं त्यांनी पेन उचललं आणि यादीवर वरपासून खालपर्यंत एक उभी काट मारली. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस.

यशराजनं श्वास सोडला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "एकोणिसावा भाग. दोघी पायरीवर बसल्यात, समोरून दिसतात. गोदी सातवीत आहे. रेघ एकच. दुसरी कुठंय?"

कांचन पडद्याजवळ गेली. डोळे बारीक करून बघितलं. एकच होती.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढे दिवस ज्यांना रेघ दिसली की खुपत होती, त्यांनाच आता नसलेली रेघ खुपली होती. यापेक्षा मोठी पावती कुणी दिली असती?

"चूक हाय," ती म्हणाली. "माझीच."

मॅडमनी नवा कागद घेतला. रीटेक एक, चेकर कांचन घार्गे. खाली सही केली, आणि मशीनचं झाकण स्वतः घडी घालून तिच्या हातात दिलं.

चित्रकार घरी गेले होते. कांचननं पायरीवरच्या गोदीला दुसरी रेघ स्वतः काढली, तपासली आणि मगच स्कूटरला किल्ली लावली.

विश्वंभर दारातच उभा होता. "किती निघाल्या?"

"एक."

"एक तरी कशापायी?" म्हातारा गुरगुरला. पण दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्यानं सेहेचाळीसचा आकडा ड्रायव्हरपासून शेवटच्या बाकापर्यंत पोचवला. एकाचा उल्लेख केला नाही.

आठवीतले भाग टीव्हीवर लागले त्या रविवारी मितालीचा फोन आला. हॅलो नाही, केम छो नाही.

"निमूची रेघ बघितली मी. इतकी वाकडी नव्हती. रीटेक कर."

"आता काय व्हत न्हाई," कांचन म्हणाली. "शीटवर सही झालीय."