पोराचं पान

सेन्सॉर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो एका ठाणेदाराच्या तोंडून, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. त्याआधी तो माहीत नव्हता आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं.

तेव्हा मी केशोरीकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायची आणि मंडईला गावची दंडार उभी राहायची. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाटक. गाणी तोंडपाठ, आणि बोलणं ऐनवेळी सुचेल तसं; कागदाचा तिथं संबंधच नव्हता. त्या वर्षी ठाण्यातून हुकूम आला की जे बोलाल, जे गाल, ते आधी लिहून आणा, सेन्सॉर झाल्याशिवाय परवानगी नाही. म्हणजे नेमकं काय, हे विचारायला मलाच पाठवलं. ठाणेदार हिंदी मुलखातला. त्यानं लाल पेन्सिल उचलून दाखवली आणि सांगितलं, नको ते कापायचं, बस.

दंडारीत लिहिता येणारं कोणी नव्हतं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. शाळा सुटली की दंडारीतला सोंगाड्या म्हातारा चिंचेखाली उकिडवा बसून सांगायचा, मी लिहायचो. एकच प्रसंग दोनदा विचारला तर दोनदा वेगळा सांगायचा. मी चिडलो की म्हणायचा, गेल्या साली वेगळाच होता.

शेवटच्या दिवशी त्यानं नवं सोंग सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात साहेबलोक शिकारीला आले, तेव्हा मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं, गावची माणसं रानात वाघ उठवायला हाक्याला नेली होती. म्हाताऱ्याचा एकुलता एक पोरगा त्यात जिवानिशी गेला. सरकारी कागदावर मात्र तो लाकडं आणायला रानात गेला आणि मेला, असं लागलं, आणि गावानं तोंड मिटून घेतलं. सोंगात साहेब मचाणावरून विचारतो, वाघाला गोळी कुठं लागली? हाकारे सांगतात, माणूस मेला जी. साहेब पुन्हा विचारतो, वाघाला गोळी कुठं लागली? असं तीनदा. म्हातारा साहेबाची अशी नक्कल करत होता की मला हसू आलं, आणि मग कुठं बघावं ते कळेना. त्याला एवढंच हवं होतं, की शेवटी सगळ्या मंडईसमोर पोराचं नाव एकदा घ्यावं.

शाळेची खोली मालगुजाराची. मी राहायचो तीही त्याचीच पडवी. म्हाताऱ्यासमोर मी टाक चालता ठेवला, मान हलवत राहिलो, आणि आधीचंच गाणं पुन्हा एकदा सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

ठाणेदारानं वही चाळली. "मास्टरजी, इसमें तो काटने लायक कुछ है ही नहीं," म्हणाला, आणि शिक्का मारला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला शाबासकी मिळाल्यासारखंच वाटलं. गावाकडे चालत येताना वाटेत कुठंतरी ते उतरलं. लोक सेन्सॉरला नावं ठेवतात, ठेवावीत. त्या वहीत लाल रेघ एकही नव्हती.

मंडईच्या दिवशी सकाळीच म्हातारा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आला. वही मांडीवर घेतली. त्याला अक्षर येत नव्हतं, तरी एकेक पान उलटत राहिला.

"माह्या पोराचं पान कोनतं जी, गुरुजी?"

मी वही घेतली, उगाच पानं चाळली. नाही लिहिलं, भ्यालो, असं सांगायचं होतं. तोंडून निघालं भलतंच.

"ते ठाणेदारानं कापलं."

त्यानं मान खाली घातली. आता भडकेल, काऊन कापलं म्हणून विचारेल, असं वाटलं. मी उत्तरं जुळवत होतो. त्यानं वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा उलट मोकळा झाला होता.

"कापलं, मंजे वाचलं तं असन ना जी? सरकारले मालूम तं झालं."

आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

"वाचलं," मी म्हणालो. "दोनदा वाचलं."

त्यानं वहीला हात लावून कपाळाला लावला आणि तोंड रंगवायला गेला.