वळायला जागा

गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, म्हणजे ट्रेलर, दुरुस्तीला घेऊन येणारी गिऱ्हाईकं आधी मिस्त्रींची चौकशी करत, मग ग्रीसने माखलेल्या त्यांच्या बायकोकडे, वहिनींकडे बघून बिचकत. मिस्त्री शेडलगतच्या खोलीत, खिडकीपाशी पलंगावर. एकदा घाईघाईत आधाराची लोखंडी घोडी न लावता नुसत्या जॅकवर ट्रेलर उचलून ते खाली शिरले होते. जॅक घसरला. जीव वाचला, पण कंबरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून हात वहिनींचे आणि तोंड मिस्त्रींचं.

"घोडी लावलीस?"

"लावली हो."

"पलीकडच्या चाकाला ठोकळे?"

"लावले. आता मी पण आडवी होऊ का चाकापुढे?"

खिडकीतून हसू येई. पण वहिनींना उंबरठा सुटत नव्हता. वरचेवर कूस बदलली नाही तर मिस्त्रींची पाठ सोलवटे. सख्ख्या बहिणीकडे जायचं राहून गेलं ते गेलंच. घरं येत, डोंगराकडे, समुद्राकडे निघून जात. वहिनींच्या वाट्याला लोकांच्या प्रवासाची फक्त खालची बाजू.

त्या दिवशी एक म्हातारं जोडपं आलं. चाकातून जळका वास येत होता. वहिनींनी बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुतलं, तर ते तापून निळं पडलेलं. नवं बसवलं, ग्रीस तळव्यावर घेऊन दाबून भरलं. चाक फिरवत नट आवळला, मग किंचित सैल केला, नवी पिन घातली. आजी-आजोबा शेडमध्ये चहा घेत बसले आणि वहिनी त्यांची गाडी घेऊन ट्रेलर फिरवून आणायला निघाल्या.

नेहमीचं वळण आलं. त्या वळल्या नाहीत.

रस्ता उताराला लागला, दोन्हीकडे मोकळं रान. बऱ्याच पुढे जाऊन त्यांनी गाडी बाजूला घेतली, चाकाच्या मधल्या हबला हात लावला. जेमतेम कोमट. परत जायला हरकत नव्हती. तरी पाय निघेना.

फोन वाजला.

"तापलं का गं?"

"नाही."

"मग ये. कूस बदलायचीय."

रस्ता अरुंद. एवढं लांब धूड तिथे वळणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांना आणखी पुढे, पेट्रोल पंपापर्यंत तरी जावं लागणार होतं. काच खाली करून त्या सावकाश गेल्या.

परतल्यावर हात धुऊन त्यांनी मिस्त्रींच्या खांद्याखाली हात घातला.

"पंपापाशी वळलीस?"

"त्याच्याही पुढे."

वहिनींनी त्यांना भिंतीकडे वळवलं. "छान रस्ता आहे तो," मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी उशी सारखी केली.