आयुधपूजेच्या ताटातला अभ्रक

विठ्ठलावर मी रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. आमच्यात असं कोणी बोलत नाही. पिढ्यान्पिढ्या म्हैसुरात राहूनही घरात मराठी आणि देव्हाऱ्यात विठ्ठल, ही दोन्ही आम्ही शिंप्यांनी सोडली नाहीत. पण आमच्या ह्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि नेमका उजवा हात गेला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. त्याच हातानं हे दिवसभर दुकानात कात्री चालवायचे आणि एकादशीला मंदिरात पखवाज वाजवायचे. मी देव्हाऱ्यासमोर उभी राहून सरळ विचारलं, "दुसरं काही मिळालं नाही का रे तुला न्यायला?" त्यानंतर दिवा लावायचे, पण तो सवयीनं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की सुरुवातीचे महिनेच काय ते महत्त्वाचे. हात हलवाल तितका परत येईल, नाही हलवलात तर तसाच राहील. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. वाचा थोडी परतली होती, अडखळत का होईना शब्द यायचा. पण ह्यांची इच्छाच उरली नव्हती. ती बिचारी हात धरून वरखाली करायची आणि हे भिंतीकडे बघत बसायचे, जसा काही तो हात शेजाऱ्यांचा आहे. ती गेली की सासूबाई पदरानं डोळे पुसायच्या आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. दसरा तोंडावर आला तेव्हा ती मुलगी मला दारापाशी हळूच म्हणाली, "आंटी, सर स्वतः काहीच करत नाहीत. मी नुसती येऊन काय उपयोग? सणानंतर यायचं की नाही, तुम्हीच सांगा." मी काय सांगणार, कपाळ?

एक उपाय करून पाहिला होता. मंदिरातल्या एकादशीच्या भजनाचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये होतं, पखवाजावर हेच. ते लावलं. ह्यांनी थोडा वेळ कान दिला, मग डाव्या हातानं फोन दूर सारला. "डबडं," एवढंच म्हणाले. आमच्या मुलानं हौसेनं एक ब्लूटूथचा डबा आणून दिला. त्यातून नुसतं ढब ढब, झांज कुठली आणि पखवाज कुठला कळेना. तोही सारला. मला मात्र त्या 'डबडं'चा राग आला नाही, उलट बरं वाटलं. ज्याचा कान अजून नाक मुरडतो, तो माणूस आत कुठेतरी शाबूत आहे, असं मनात आलं.

मी इथल्याच हेब्बाळच्या एका कारखान्यात बरीच वर्षं बाकावर बसून सर्किटांना सोल्डर लावलेलं आहे. नोकरी सुटली तरी हाताची खाज सुटली नव्हती. ठरवलं, अ‍ॅम्प्लिफायर आपणच बांधायचा. धातूच्या टोपीचे दोन मोठे पॉवर ट्रान्झिस्टर, एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर, त्यांची उष्णता ओढून घ्यायला भंगारातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा पन्हाळी तुकडा आणि मंदिराच्या जुन्या खोक्यातला मोठा कागदी स्पीकर. तो भजनी मंडळींनी "ने ग, वाजला तर वाजू दे" म्हणून दिला. हूटगळ्ळीतलं आमचं घर लहान, म्हणून हॉलच्या खिडकीशी टेबल मांडलं. ह्यांच्या खुर्चीच्या समोरच. घरातली शांतता मला खायला उठायची, तिच्यापासून पळायला ते टेबल बरं होतं, हेही खोटं नाही. पण काम करता करता मन निवायचं. एक सांधा लावावा, थंड होऊ द्यावा, मग पुढचा. जपाला बसले तर माझं लक्ष दहा ठिकाणी फिरतं, इथे एका ठिकाणी राहायचं. हे भिंतीऐवजी कधीकधी माझ्या हातांकडे बघायचे, तेही मी चोरून पाहिलं होतं.

शेवटची तार जोडून झाली ती नेमकी आयुधपूजेच्या सकाळी. महाराष्ट्रातली माणसं खंडेनवमी म्हणतात तीच. मला एक क्षणही थांबायचं नव्हतं. ती मुलगी सणानंतर येणार की नाही, हे आजच्या आज ठरायला हवं होतं. मी प्लग हातात घेतला आणि सासूबाईंनी मनगटच धरलं. मी त्यांना अत्ते म्हणते, इथली रीतच तशी.

"अय्यो, आज हत्याराला हात? आज त्यांची पूजा गं, आज ती विश्रांती घेतात."

"अत्ते, हे हत्यार नाही, गाणं ऐकायचं यंत्र आहे."

"तुझं हत्यारच ते. सुम्ने बस. उद्या दसरा, उद्या काय ते वाजव."

सुम्ने म्हणजे गुपचूप. पण गुपचूप बसणं माझ्या स्वभावात कुठलं! राग नाकावर. मी तणतणले, म्हटलं, तुमच्या लेकाच्या हाताला पूजा नको, व्यायाम हवाय.  त्यांनी पाट मांडला, मोठं पितळी ताट घेतलं आणि माझं टेबल झाडून पुसून त्यावरचं सगळं ताटात भरू लागल्या. सोल्डरिंग आयर्न, पक्कड, मीटर, तारांचे तुकडेसुद्धा. शेजारी ह्यांची दुकानातली कात्री ठेवली. मधोमध अ‍ॅम्प्लिफायर. शेवंतीची फुलं वाहिली, एकेका वस्तूला हळदकुंकू लावलं. कात्रीला कुंकू लावलं तेव्हा ह्यांनी मान फिरवली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात अत्तेंनी ताटातून काहीतरी पातळ, चकचकीत चिमटीत उचललं. "हे काय गं? ब्लाउजाची टिकली का? पण भोकं आहेत हिला."

मी वाकून पाहिलं. तो अभ्रकाचा तुकडा होता. धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर अ‍ॅल्युमिनियमवर बसवताना मध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा घालावा लागतो, कारण त्या टोपीतच वीज असते. टोपीची उष्णता पन्हाळीत जावी, पण वीज जाऊ नये. दोन ट्रान्झिस्टर, दोन पापुद्रे. त्यातला एक आता अत्तेंच्या चिमटीत होता. म्हणजे एक ट्रान्झिस्टर मी तसाच कसून टाकला होता. प्लग लावला असता तर एका बाजूचा फ्यूज उडाला असता आणि दुसऱ्या बाजूची सगळी वीज त्या जुन्या स्पीकरमध्ये घुसली असती. कागद जळाल्याचा वास, धूर, आणि समोर खुर्चीत हे. एवढ्या दिवसांनी हा माणूस भिंतीवरून नजर काढायला लागला होता, त्याच्यासमोर मी धूर काढला असता. नव्या मुलींना मी कारखान्यात हजारदा सांगितलं होतं, बसवल्यावर मीटर लावा, मग पुढे जा. आणि स्वतः घाईत मीटर बाजूला ठेवला होता.

मला रडूच फुटलं. अत्ते घाबरल्या, "मी काही मोडलं का?" म्हणू लागल्या. मी त्यांचे पाय धरले. देव्हाऱ्याकडे पाहिलं. तो कमरेवर हात ठेवून उभाच होता. चमत्कार वगैरे मी म्हणत नाही. म्हाताऱ्या बाईनं टेबल झाडलं, एवढंच झालं. पण त्या दिवशी मी कशालाही हात लावला नाही. अत्तेंच्या शेजारी सुम्ने बसून राहिले, आणि आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

दसऱ्याच्या सकाळी ट्रान्झिस्टर सोडवला, अभ्रक घातला, मीटर लावून खात्री केली. पहिल्यांदा वीज देताना मध्ये एक साधा बल्ब जोडतात. चूक असेल तर तो लख्ख पेटून राहतो, सगळं ठीक असेल तर एकदा उजळून मंदावतो. बल्ब उजळला आणि मंदावला. "अय्यो, दिवा गेला!" अत्ते ओरडल्या. म्हटलं, "गेला तेच बरं!" माझा जीव भांड्यात पडला. बल्ब काढला, स्पीकर जोडला. ना घरघर ना खरखर. मग ते भजन लावलं.

आधी झांजा आल्या, मग पखवाजाचा डावा बोल आला. कणीक लावलेल्या बाजूचा, खोल, घुमणारा. फरशीतून तो माझ्या तळपायांना लागला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फोनमध्ये तो बोल नव्हताच. तिथे ऐकू यायची ती फक्त उजव्या बाजूची टिकटिक, म्हणजे गेलेल्या हाताचा आवाज; आणि त्या ब्लूटूथच्या डब्यात तर दोन्ही बोल ढब ढबीत बुडालेले. जो हात शाबूत होता, तो त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आला.

ह्यांचा डावा हात मांडीवर उठला आणि बरोबर समेवर पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. डोळ्यांतून पाणी गालावर वाहत होतं, ते पुसायलाही हात थांबेना. भजन अर्ध्यावर आलं तेव्हा मात्र थांबला. त्या डाव्या हातानं ह्यांनी आपला उजवा हात उचलला, झोपलेल्या मुलाला उचलतात तसा जपून, आणि गुडघ्यावर मांडून ठेवला. वाजवायच्या जागी. तो हलला नाही. हे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले. तोंड वाकडं झालं, शब्द येईना, आला तेव्हा एकदम आला. "ती पोरगी… येऊ दे."

आता ती मुलगी येते तेव्हा आधी भजन लागतं आणि मग व्यायाम. बोटं थोडी उघडतात. पखवाज अजून दूर आहे, कदाचित दूरच राहील. मी रोज हात जोडते, पण मागणी बदलली आहे. विठ्ठला, मी घाईची बाई आहे. मला थांबवायचं असेल तेव्हा असंच मनगट धर. मी तणतणेन, तू मुळीच ऐकू नकोस.