भिंत भरल्यावर

चित्रकलेच्या बाईंच्या पाठीला कान आहेत, ही गोष्ट त्या शाळेत बापाने मुलाला सांगून ठेवली होती. बाई फळ्यावर सफरचंद काढता काढता, न वळता म्हणायच्या, "तिसऱ्या बाकावरचे राजे, तिचं खोडरबर परत द्या." राजे मुकाट्याने परत द्यायचे. पुढे ते राजे संसाराला लागले, त्यांची पोरं त्याच बाकांवर आली, आणि घरून निघतानाच त्यांना ताकीद मिळू लागली, "चित्रकलेच्या तासाला कुजबुजू नकोस हं. पाठीला कान आहेत त्यांच्या."

हे कान अलीकडे मिटत चालले होते. आधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली, मग दारावरची घंटी, मग मागच्या बाकावरची कुजबुज. बाईंनी याचा कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्या समोरच्याचे ओठ बघायला शिकल्या. न कळलेल्या वाक्याला किंचित हसून मान डोलवायची, एवढ्यावर माणसाचं पुष्कळ भागतं, हेही त्यांना कळलं. मात्र फळ्यावर चित्र काढणं त्यांनी बंद केलं. वर्गाकडे पाठ करायची त्यांची हिंमत होईना.

सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गाण्याच्या बाईंची नजर अधू झाली, तेव्हा शाळेने त्यांना मोठ्या मानाने तळमजल्यावरच्या भांडारात बसवलं. खडूंची खोकी, डस्टर, जुने नकाशे. चित्रकलेच्या बाई मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्याकडे जायच्या. "बाकी काही नाही गं," गाण्याच्या बाई म्हणायच्या, "पोरांचा आवाज इथवर येत नाही." निवृत्तीपर्यंतही त्या जगल्या नाहीत. पाण्याबाहेर काढलेली मासोळी किती दिवस काढणार? भांडारातली ती खुर्ची तेव्हापासून रिकामी होती, आणि चित्रकलेच्या बाईंना ती आपली वाट बघते आहे असं वाटायचं.

अशात मुख्याध्यापिकाबाईंनी तिसरी-चौथीच्या मुलांसाठी रोबॉटिक्सचा क्लब काढायचं ठरवलं. संगणकाचे सर नोकरी सोडून गेले होते. क्लब कोण घेणार, असं विचारताच शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना एकदम खिडकीबाहेरचं झाड आवडू लागलं. हात वर झाला तो चित्रकलेच्या बाईंचा.

"बाई, तुम्ही?" विज्ञानाचे सर म्हणाले. "म्हणजे रोबॉट रंगवणार का?"

"रंगवीन की. आणि तुमच्या प्रयोगांपेक्षा बरा चालेल."

सगळे हसले. खरं कारण बाईंनी पोटात ठेवलं. मोटारींची घरघर आणि पोरांचा गलका, यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. गोंगाटात बहिरा खपून जातो.

घरी यजमान होते. जन्मभर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते. जेवणाचं टेबल झाकून त्यांनी बायकोला तारा सोलायला आणि कथील वितळवून जोडाला डाग द्यायला शिकवलं. "थोड्या कथलात भागव," ते म्हणायचे. "तू तर आमटी वाढल्यासारखं ओततेस." बाईंचा हात चित्रकाराचा. त्या लवकर शिकल्या. खेळण्यातल्या दोन मोटारी, बाटल्यांच्या झाकणांची चाकं, बॅटरीचा डबा, आणि वर नखाएवढा एक भाग, जो आवाज झाला की मोटारीला हुकूम देतो. एक टाळी वाजली की गाडी सुरू, दुसरी वाजली की बंद. पोरांनी त्या भागाचं नाव ठेवलं 'कान'. बाईंनी ते नाव ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

क्लबला खोली मिळाली ती गाण्याची. बरेच दिवस कुलपात होती. गाण्याचा त्रास इतर वर्गांना नको म्हणून तिच्या भिंतींना छतापर्यंत भोकाभोकांचे मऊ तक्ते ठोकलेले. त्या खोलीत हाक मारली तर ती पुढे जात नसे, पायाशीच पडे. पहिल्या दिवशी पोरांनी ओरडून ओरडून याची मजा घेतली आणि मग आपोआप गप्प झाली. चौथीतली एक मुलगी होती, तिला सगळे प्रश्नचिन्ह म्हणत. ती एका तक्त्याच्या भोकात बोट घालून उभी राहिली.

"बाई, इथे आवाज कुठे जातो?"

"भिंतीत."

"मग भिंत भरल्यावर?"

"चल, चाकं बसव," बाई म्हणाल्या.

क्लब छान चालू लागला. ज्या पोरांना पाढे येत नव्हते त्यांना बॅटरीचं उलटसुलट बरोबर कळू लागलं. टाळी पडली की गाड्यांची रांग टेबलावरून मुंग्यांसारखी निघायची, पुन्हा टाळी पडली की जागीच थिजायची. बाईंना कित्येक दिवसांनी शाळेत मोकळा श्वास घेता आला.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा पोरं नुकतीच घरी गेली होती. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती. बाई वाकून जमिनीवरचे तारांचे तुकडे वेचत होत्या. मान वर केली तर भिंतीकडची गाडी हलत होती. वीतभर गेली आणि थांबली. बाई बघत राहिल्या. क्षणभराने ती परत निघाली, ती थेट टेबलाच्या कडेकडे. बाईंनी धावत जाऊन ती कडेलाच झेलली.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं, आणि टेबलावरच्या सगळ्या गाड्या एकदम सुरू झाल्या.

ते मात्र त्यांच्याच आवाजाने झालं होतं. आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना त्या दिवशी समजलं. बाहेर व्हरांडा रिकामा होता.

मग ते वरचेवर होऊ लागलं. दर वेळी भिंतीकडचीच गाडी, आणि दर वेळी तसंच: निघाली, थांबली, जरा वेळ गेला, परत निघाली आणि कडेकडे. म्हणजे लागोपाठ दोन टाळ्या, मग खंड, मग एक. बाईंनी कान बदलला, बॅटरी बदलली, गाडी बदलली. फरक पडला नाही. एका संध्याकाळी घरी भांडी विसळताना त्यांचा हात थांबला. दोन टाळ्या, खंड, एक टाळी. गाण्याच्या बाई पोरांना हाच ठेका धरायला शिकवायच्या. उभी हयात त्यांनी त्या खोलीत तो वाजवला होता.

विचारावं कुणाला? बाईंचा पेच इथेच होता. शिपाईमामांना विचारायचं, "मामा, टाळी ऐकलीत का?" ते "हो" म्हणाले, तर टाळी वाजते आणि बाईंना ती ऐकू येत नाही, म्हणजे भांडारातली खुर्ची. ते "नाही" म्हणाले, तर ते जे काय आहे ते आहे. बाईंनी मनाशी दोन्ही पारडी तोलली आणि त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. भूत परवडलं, पण बहिरेपण नको!

शेवटी त्यांनी यजमानांना शाळेत आणलं. निमित्त काढलं ते सैल डागांचं. रेडिओवाल्याचे कान. दोन गल्ल्यांपलीकडची खरखर ते ओळखत. पोरं गेल्यावर दोघं खोलीत बसली. यजमान डाग तपासत होते. बाई गाडीकडे बघतच नव्हत्या, त्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

गाडी निघाली. थांबली. परत निघाली, आणि कडेवरून खाली पडली.

"ऐकलंत?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"टाळ्या. टाळ्या ऐकू आल्या का?"

"अगं, कसल्या टाळ्या? एवढी शांतता आहे. गाडी चालली कशी ही?"

बाई खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "नाही ना आल्या? तुम्हालासुद्धा नाही ना? मग माझे कान ठीक आहेत हो!" त्या उठल्या, पाठमोऱ्या होऊन पडलेल्या गाडीची चाकं गोळा करू लागल्या. हात हलके झाले होते. बऱ्याच वेळाने त्या वळल्या तेव्हा यजमान दारापाशी उभे होते आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"मी तीन हाका मारल्या तुला," ते म्हणाले. ओठ नीट दिसतील असे, सावकाश. मग बाईंच्या लक्षात आलं, की हे गृहस्थ घरी कितीतरी दिवसांपासून असेच बोलत आहेत, समोर येऊन, सावकाश. "कानांचं मला ठाऊक आहे गं. त्याला यंत्र मिळतं. पण हे..." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं नाही, नुसती मान वळवली. "चल, घरी चल. नुसतं बहिरेपण परवडलं असतं."

रात्रभर विचार करून बाईंनी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे कानांचं. बाकीचं नाही. "भांडारात बसवायचं तर बसवा," त्या म्हणाल्या, "पण क्लब बंद करू नका."

मुख्याध्यापिकाबाईंनी पेपरवेट बाजूला सरकवला. "त्या खोलीत बसायला दुसरं कोण तयार आहे?" त्या म्हणाल्या. "मामा तर झाडायलाही जात नाहीत. विज्ञानाच्या सरांना विचारलं, तर त्यांची पाठ दुखते. तुम्हीच बसा, बाई. कानाला यंत्र लावून घ्या, आणि मला तिथलं काही सांगू नका."

पुढच्या क्लबला बाईंनी पोरांना समोर बसवलं. घसा खाकरला. "मुलांनो, मला कमी ऐकू येतं. माझ्याशी बोलताना समोर येऊन बोलायचं."

कुणाला नवल वाटलं नाही. "माहीत आहे, बाई," प्रश्नचिन्ह म्हणाली. "म्हणून तर त्या टाळ्यांनी गाडी चालवून दाखवतात ना तुम्हाला?"

"कोण?"

"भिंतीतल्या बाई." तिने हे इतक्या सहज सांगितलं, जसं फळ्यामागे डस्टर आहे असं सांगावं. "आम्हाला येतात ऐकू. घरी सांगितलं तर आई म्हणते, काहीतरीच. मोठ्यांना नाही येत का?"

बाईंनी मान हलवली. नाही येत. सगळ्या पोरांचे चेहरे त्यांच्याकडे वळलेले होते. बघता बघता ते चेहरे एकदमच जरासे तिरके झाले, कानोसा घेतल्यासारखे. आणि बाईंना कळावं म्हणून पोरांनी हात उचलून आवाज न करता दाखवलं: एक, दोन. थांबली. मग एक.

भिंतीकडची गाडी निघाली, थिजली, परत निघाली. बाई जागच्या उठल्या. त्यांनी टेबलाच्या कडेला तळहात धरला आणि गाडी येण्याची वाट पाहिली.

"येऊ द्या," त्या भिंतीकडे बघून, शक्य तितक्या हळू म्हणाल्या. "पोरं इथेच आहेत."