आखाजीतली मोजणी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला मुलाकडे होतो. डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते आणि काळा चष्मा लावून गॅलरीत बसलो होतो. फोन सूनबाईने घेतला. ती "हो... हो..." म्हणत आत गेली आणि मुलाला घेऊन बाहेर आली, तेव्हाच कळलं की कोणीतरी गेलंय. डॉक्टरांनी ऊन आणि धूळ टाळायला बजावलं होतं. मुलगा म्हणाला, बाबा, आता नको, दहाव्याला जाऊ. मी त्याच्यावर इतका ओरडलो की शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई आत निघून गेली. बिचाऱ्याने मुकाट्याने गाडी काढली.

आमचं शहर जळगाव आणि धुळ्याच्या मधे, हायवेपासून जरा आत. नाव लिहीत नाही. इथल्यांना ते कळेलच, आणि बाहेरच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. पाच वर्षं नगरसेविका आणि त्यातलं एक वर्ष बांधकाम सभापती असलेली बाई, पण माणसं मोजकी. नातेवाईक, गल्लीतले चार जण, नगरपालिकेतले आम्ही दोघे-तिघे निवृत्त. भाजी मंडईतली एकही बाई नव्हती. का नव्हती, त्यामागचं खरं कारण तिथे एकट्या मला माहीत होतं. आज हे लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

द्वारकाअक्का माझी सख्खी बहीण नव्हे. आमची गल्ली एक, आणि गल्लीच्या तोंडाशी तिची पिठाची गिरणी. नवरा दीपनगरला पॉवर हाऊसमध्ये होता, तो लवकर गेला. मग तिने गिरणीच्या जोरावर दोन मुलं वाढवली. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षाची माणसं दोन गोष्टी शोधत फिरत होती: सगळ्यांना माहीत असलेलं नाव आणि उलट न बोलणारी बाई. पहिली गोष्ट त्यांना मिळाली. निवडून आल्यावरही अक्काने गिरणी बंद केली नाही. लोक दळणाचा डबा घेऊन यायचे आणि डब्याबरोबर तक्रारही ठेवून जायचे... नळाला पाणी नाही, दिव्याचा खांब वाकलाय, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नाही. ती दळता दळता ऐकायची, आणि पीठ न्यायला माणूस परत येईपर्यंत बहुतेक वेळा फोन करून झालेला असायचा. नगरपालिकेत तिची फाइल न उघडताच ओळखू यायची. झटकली की पीठ उडायचं.

मी बांधकाम विभागात आरेखक होतो, म्हणजे नकाशे काढणारा. घर जवळ, म्हणून तिच्या सहीचे कागद संध्याकाळी मीच घेऊन यायचो. ती सातवी शिकलेली. गिरणीच्या पायरीवर बसून मला सगळी टिपणी मोठ्याने वाचायला लावायची, स्वल्पविरामसुद्धा सोडू द्यायची नाही. एकदा एका गटाराच्या कामात मी भराभर वाचत होतो, तर तिने थांबवलं. हे गटार बरोबर एका पुढाऱ्याच्या कंपाउंडपाशी कसं काय संपतं, त्याच्यापुढे माणसं राहत नाहीत का, असं तिने विचारलं आणि कागद परत पाठवला. मला नेहमी चिडवायची, "वसंता, तुले टेप दिसस, माणूस दिसस नही." मी हसण्यावारी न्यायचो. माझ्या कामात टेप दिसणं महत्त्वाचं, असं माझं म्हणणं.

मंडईचं काम निघालं ते तिच्या सभापतिपदाच्या वर्षात. जुनी मंडई म्हणजे मधे पत्र्याची शेड आणि तिच्याभोवती पोती टाकून बसणाऱ्या बायका. कोणाच्या जागेला नंबर नव्हता. जिजाबाईच्या डाव्या हाताला कांदेवाली, कांदेवालीच्या पलीकडे भरताची वांगी घेऊन बसणाऱ्या दोघी जावा, असा तिथला हिशेब, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्या जागी तीन मजली संकुल उभं राहणार होतं. खाली भाजीवाल्यांना ओटे, वर दुकानांचे गाळे. तोवर शहराची पार रया गेली होती. कापसाच्या जिनिंग बंद पडल्या, दोन्ही टॉकीज बंद पडल्या, शिकलेली मुलं पुण्याला आणि न शिकलेली सुरतेला गेली. एक मोठं संकुल झालं की शहर पुन्हा उठेल, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू? नकाशा मीच काढत होतो, आणि काढताना आपण काहीतरी मोठं करतोय या गुर्मीत होतो.

बायका जागा सोडायला तयार नव्हत्या. अक्का रोज सकाळी मंडईत जाऊन एकेकीपाशी उकिडवी बसायची. "बठ्ठ्यासले ओटा भेटी, मना शबुद शे," म्हणायची. सगळ्यांना ओटा मिळेल, या शब्दावर पहिला अंगठा जिजाबाईने दिला. जिजाबाई मेथी-पालक विकायची. तिची आणि अक्काची वीस वर्षांची मैत्री. हिची भाजी तिच्याकडे, तिचं दळण हिच्याकडे. जिजाबाईचा अंगठा पाहून बाकीच्यांनीही दिले.

मग पाहणी करायची होती. तीन दिवस मंडईत फिरायचं, जी बाई जिथे बसलेली दिसेल तिचं नाव, अंगठा आणि जागेचं माप घ्यायचं. त्याच यादीवरून ओटे मिळणार होते. वरून घाई होती, आणि मंडईत तर पाय ठेवायला जागा नसायची. दोनदा टेप धरून गेलो, दोनदा टेप कोथिंबिरीच्या जुड्यांत अडकली आणि बायकांनी शिव्या घातल्या. तेव्हा मला एक नामी युक्ती सुचली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत मंडई निम्मी रिकामी असते, तेव्हा मोजू. टेप सरळ जाईल. तशी टिपणी मी लिहिली आणि अक्काकडे सहीला नेली. ती त्या दिवशी गडबडीत होती. वरणगावला म्हातारी आई होती तिची, तिच्याकडे जायला निघाली होती, रिक्षा दारात उभी होती. कागद हातात घेऊन तिने एवढंच विचारलं, "वाचं ना तू?"

मी म्हटलं, वाचलं.

तिने सही केली.

आखाजीला मंडई निम्मी रिकामी का असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. खान्देशात जन्म गेला माझा. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात; लेकुरवाळी असो की नातवंडं झालेली, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आईच्या हातचं खाऊन आठ-दहा दिवसांनी परत येतात. मोजणीच्या पहिल्या दिवशी सकाळी मी स्वतः माझ्या बायकोला एस.टी.त बसवून दिलं. खिडकीतून तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि तसाच टेप घेऊन मंडईत गेलो. रिकाम्या पोत्यांच्या जागा पाहिल्या आणि प्रत्येकीपुढे कागदावर लिहिलं, 'रिक्त'. माझ्या हातून लिहिलं गेलं, माझ्याच अक्षरात. आजही सांगतो, त्या तीन दिवसांत एकदाही मनात आलं नाही की ही जागा रिकामी आहे म्हणजे इथली बाई कुठेतरी आहे.

यादी नोटीस बोर्डावर पाच दिवस लागली, हरकती मागवल्या, कोणाचीही आली नाही. बायका परत आल्या तोवर यादी कायम झाली होती. एकोणीस जणींची नावं नव्हती. जिजाबाईचंही नव्हतं. माहेरून आलेल्या नव्या लुगड्यात त्या सगळ्या गिरणीवर आल्या. मी तिथेच होतो. जिजाबाई ओरडली नाही. ती म्हणाली, "आम्ही माहेरले गयथूत अक्का. मरी नही गयथूत."

अक्काला काही कळेना, कारण ती स्वतः आदल्या दिवशीच वरणगावहून आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड पाहून तिला कळलं. मी बोलायला गेलो, तर तिने हाताने मला थांबवलं. बायका शिव्याशाप देऊन गेल्यावर मी म्हटलं, अक्का, मी साहेबांना लिहून देतो, चूक माझी आहे. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती, मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि चौकशी लागली असती तर पेन्शन अडकलं असतं. हे सगळं तिला माहीत होतं. ती म्हणाली, "तुनी नोकरी शे. मनी खुर्ची शे, ती आज ना उद्या जाईच. आनि सही मनी शे. सही करनाऱ्यानी वाचाले पाहिजे." मी दोनदा नाही-नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्याची लाज वाटायला फार वर्षं लागली.

सभेत विरोधकांनी विचारलं, आखाजीची तारीख कोणी काढली? अक्का उभी राहिली आणि म्हणाली, मी. यादी फिरवून पुन्हा पाहणी करा, अशी मागणी तिने तिथल्या तिथे केली. पण कागदावर एकदा रिकामी झालेली जागा कोण परत देतो! तिथे आता खालीही, पुढच्या बाजूला, गाळे काढायचं ठरलंही होतं, आणि ते कोणाला जाणार हेही ठरलं होतं. तिच्याच पक्षाचे लोक 'बघू, बघू' म्हणत राहिले. पुढच्या निवडणुकीत तिला तिकीट नाही. अपक्ष उभी राहिली आणि आपटली. मंडईत बोभाटा झाला की अक्काने गाळेवाल्यांसाठी मुद्दाम आखाजी साधली. जिजाबाईचा डबा त्या दिवसापासून पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीवर जायला लागला. तो अक्काच्या दारावरूनच जायचा.

त्यानंतर अक्काने जे केलं ते मी जवळून पाहिलंय. एकोणीस जणींसाठी ती अर्ज करत राहिली. जळगावला खेटे घातले, धुळ्याला एका वकिलाकडे वर्षभर गेली. अर्ज मीच लिहून द्यायचो, निवृत्त झाल्यावरसुद्धा. प्रायश्चित्त म्हणा हवं तर, पण ते फुकटातलं होतं, कारण सही तिची असायची. सात जणींना शेवटी मागच्या बाजूला, जिन्याखाली ओटे मिळाले. तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून त्याही बाहेर येऊन बसल्या. बाकीच्यांपैकी काही वारल्या, काहींनी धंदा सोडला. संकुलाचं म्हणाल, तर वरचे दोन मजले आजही कुलूपबंद. लिफ्टच्या खड्ड्यात कबुतरं. मी काढलेल्या नकाशात तिथे कारंजं होतं.

एकदा, हल्लीच, तिचे गुडघे गेले तेव्हा, मी तिला विचारलं होतं की जिजाबाईला मी सांगू का. ती खवळली. म्हणाली, आता सांगून तुझं मन हलकं होईल, तिला ओटा मिळणार आहे का? आधी ओटा, मग काय ते सांग. मी पुन्हा गप्प बसलो. गप्प बसायला मला नेहमी कोणाची तरी परवानगी मिळत गेली.

अक्काला जाऊन महिना होऊन गेला. मागच्या आठवड्यात सकाळी मंडईवर गेलो. संकुलाच्या तोंडावर मोठा फ्लेक्स लागलाय: अक्काचा सभापती असतानाचा फोटो, 'शहराच्या विकासाच्या शिल्पकार', आणि खाली हात जोडलेले तेच 'बघू बघू' म्हणणारे चेहरे. त्याच्यासमोर रस्त्याच्या कडेला जिजाबाई मेथी मांडून बसली होती. आता चांगलीच वाकलीय. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. टिपणी, टेप, एस.टी., सही, सभा... काही सोडलं नाही. ती जुड्यांवर पाणी शिंपडत ऐकत होती. मग शिंपडणं थांबलं.

"मंग ती जित्ती व्हती तव्हय का नही सांगं?"

मी म्हटलं, भ्यालो. पेन्शनला भ्यालो. आणि नंतर सवय झाली.

जिजाबाईने वर फ्लेक्सकडे पाहिलं. मला वाटलं शिव्या देईल, तोंडावर थुंकेल. मी त्यासाठीच गेलो होतो.  समोर एक गिऱ्हाईक येऊन मेथीचा भाव विचारत होतं, त्याला तिने उत्तर दिलं नाही. ते पुढे निघून गेलं.

"तिना मयतले बी नही गऊ मी, भाऊ," ती म्हणाली. "दारवरथीन तिरडी गयी. मी दार लायी लिधं."

मी म्हटलं, मी हे पेपरात लिहिणार आहे. ती म्हणाली, लिही, पण माझंही नाव लिही, जिजीने तिला शाप दिले हेही लिही. तिच्या सांगण्यावरून ते लिहिलंय. मग तिने विचारलं, "दहावं व्हई गयं का?" मी म्हटलं, झालं. तेरावंही झालं.

"मंग आते मी काय करू?"

ती खरोखरच विचारत होती, माझ्याकडे बघून, उत्तराची वाट बघत.