दोन मुठी लिंबूसत

वीस वर्षं झाली, शिरूरच्या कॉलेजात मी साखरेचं रसायन शिकवतोय. फळ्यावर ग्लुकोजचं षटकोनी कडं काढायचं, शेजारी फ्रुक्टोजचं पंचकोनी, मधे ऑक्सिजन. ही आपली साखर. मग खडू आपटून विचारायचं, "आम्ल घालून तापवली तर?" पोरं ओरडतात, "जोडी तुटते, सर!" एवढी घोकलेली गोष्ट मी दौंडकडच्या मामांच्या गुऱ्हाळावर साफ विसरलो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तो घडा मीच.

मामांकडे गूळ उतरवायला एक म्हातारे गुळवे आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. एका डोळ्यानं अधू. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबांचा हात गेल्यागत वाटतोय. आता एक काहील जरी बिघडली, तर दुसरा गुळव्या बघणार हाय."

माझं लक्ष कुठं होतं? गुळाच्या काळपट रंगावर. "रंगासाठी पावडर टाकू नका मामा, नैसर्गिक काहीतरी हवं," असं भाषण आधीच ठोकून झालं होतं. पिशवीत शिरूरहून आणलेली लिंबूसताची पुडी होती. आबा भेंडीच्या रसानं वर आलेली मळी काढून टाकायला वळले, तेवढ्यात मी दोन मुठी उकळत्या रसाच्या काहिलीत सोडल्या. गुपचूप. आधी रंग दाखवायचा, मग शाबासकी घ्यायची, असा बेत.

रंग आला, अगदी सोन्यासारखा! मी मिशीत हसलो. आबांनी पाक गार पाण्यात टाकून बघितला, गोळी काही वळेना. पुन्हा आटवला, पुन्हा बघितलं. शेवटी गूळ गार करायच्या वाफ्यात ओतला, तर संध्याकाळपर्यंत नुसती काकवी.

"आबा, उद्यापास्नं घरीच आराम करा," मामा सगळ्यांदेखत म्हणाले.

आबा दोन बोटांत पाक चोळत राहिले. "व्हय. कळंना झालंय मला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात फळा उजळला. लिंबूसत म्हणजे आम्लच की! ग्लुकोज वेगळं, फ्रुक्टोज वेगळं, आता खडा कशाचा धरणार? आणि खरं सांगतो, लाज वाटते, पण पहिल्यांदा मी म्हणालो, "ऊसच कोवळा असेल." मामा-मामी, कामावरच्या बाया, सगळ्यांसमोर शहाण्या भाच्याची अब्रू होती ना! पण आबांची ती बोटं थांबेनात. मग मी रिकामी पुडी काढून पुढं केली.

"अरे मास्तरड्या! रसाला आंबट लावू नये हे माझ्या बैलालाबी ठावं हाय!" मामा कडाडले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी मान खाली घातली.

आबा हसले नाहीत. त्यांनी पुडीला जीभ लावली, तोंड वाकडं केलं, मग दोन्ही तळवे समोर धरून बघत बसले.

"म्हंजी हात हाय अजून माझा," ते म्हणाले, आणि काहील धुवायला उठले.