शर्टपिसाची चोळी

पनवेलच्या बाजारातल्या एका साडीच्या दुकानात मी बसलो होतो. समोर गादीवर मोरपिशी रंगाच्या तीन नऊवारी साड्या उलगडलेल्या होत्या. कोणासाठी हवी आहे, असे दुकानदाराने सहज विचारले आणि मी म्हणालो, मावसबहिणीसाठी. साडी माझ्या मावसभावासाठी होती. नऊ वर्षे स्वतःला समजावून मी त्या दुकानाची पायरी चढलो होतो, आणि ऐन वेळी जीभ पुन्हा जुन्याच वळणावर गेली. साडी बांधून होते न होते तोच त्याच्या बहिणीचा, सुमनचा फोन आला. "दादा, आपला जगू गेला..." सकाळी रंग कालवत बसला होता, तिथेच भिंतीला टेकला तो उठलाच नाही, असे तिने सांगितले. पुडके मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. दुकानदाराने पाणी आणून दिले आणि बहिणीचे काही बरेवाईट झाले का, असे हलक्या आवाजात विचारले. मी मान डोलावली. त्या दिवशीचे माझे हे दुसरे खोटे.

जगू माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याची आई, माझी पारूमावशी, पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचे गाणे असते, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी ती धवलारीण. ती गायला बसल्याशिवाय हळद लागत नाही. हा मान बाईचा. तिला साडीचोळी देऊनच निरोप द्यायचा असतो. मावशी मिठागरावर मीठ ओढता ओढता धवले म्हणायची आणि जगू बांधावर बसून ते पाठ करायचा. पुढे मिठागरे गेली, तिथे इमारती आल्या, मावशीही गेली. धवले तेवढे जगूच्या गळ्यात राहिले. शिमग्याला गावातले पुरुष लुगडी नेसून सोंगे घेत, त्यांत तो दरवर्षी असे. बाकीच्यांना पाहून लोक हसायचे, जगूला पाहून गप्प व्हायचे. ती शांतता मला भेडसावायची. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो, चार लोकांत मान मिळू लागला होता. त्याला बाजूला घेऊन मी म्हणालो की आता मोठा झालास, हे पुरे. त्याने जराही न रागावता विचारले, "शिमग्याचे दोन दिस चालतं, मंग बाकीचं वरीस का नाय चालत, दादा?" मी त्याला परीक्षेचा निकाल विचारला.

निकाल काही बरा नव्हता. त्याने शिक्षण सोडले आणि कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर रंगारी म्हणून हात चालवू लागला. मालमोटारींच्या पाठीवर मोर, कमळे, वाघ रंगवता रंगवता त्याची बोटे अशी तयार झाली की एका दमात काढलेली रेघ कुठे जाड व्हावी आणि कुठे केसाइतकी बारीक, हे त्याला पाहावेही लागत नसे. पुढे तीच रेघ त्याने स्वतःच्या पापणीवर आणली. पुरुषाने स्त्रीचा थाट करून रंगमंच गाजवायचा, या कलेला हल्ली ड्रॅग म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळले. त्याच्या त्या रूपाचे नाव मीठाबाई. रंगमंचावर असेपर्यंत ती, उतरल्यावर तो, असे त्याचे साधे सांगणे होते. मुंबईतल्या ज्या प्रेक्षकांनी कधी मिठागर पाहिले नव्हते, त्यांच्यापुढे ती गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेल्या लुगड्यात सूप घेऊन येई, पहिल्या रांगेतल्या एखाद्या रुबाबदार गृहस्थाची मीठ ओवाळून दृष्ट काढी आणि म्हणे, "शेटला नजर लागलीय. स्वतःचीच." मुखवटे, पोशाख, पडदे सगळे त्याच्या हातचे. मासळीच्या जुन्या जाळ्यांचे त्याने झगे केले, गोणपाटाचे मुकुट केले. काळ्या कापडावर मिठाने काढलेली त्याची चित्रे एका कलादालनात लागली, तेव्हा पावसाळी हवेने ती रोज थोडी पाझरून बदलत गेली. दालनाचे लोक घाबरले. जगू निवांत. मीठ आहे ते, पाणी धरणारच, म्हणाला. गाणे, शिवण, रंग, अभिनय, सगळे एकाच माणसाने इतक्या निगुतीने करावे याचे आज मला जे अप्रूप वाटते, ते त्या वेळीही वाटत होते. फक्त मी ते बोलून दाखवत नव्हतो.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मुलीचे, रेश्माचे लग्न ठरले. जगूकाकाच धवला गाईल, हा तिचा हट्ट होता. मला नाही म्हणता येईना आणि हो म्हणण्याचे धैर्य होईना. मी तोपर्यंत मुख्याध्यापक झालो होतो. पाहुण्यांत संस्थेचे लोक येणार होते. मी तोडगा काढला. जगूने शर्टपँट घालून यावे, मांडवाच्या कोपऱ्यात पिवळ्या कापडाचा आडपडदा लावू, मागे बसून त्याने माइकवर गावे. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि बरे म्हणाला. त्या दिवशी तो जे गायला ते मी विसरू शकत नाही. हळद लावणाऱ्या बायांचे हात थबकत होते. शेजारच्या जनाकाकी डोळे पुसत माझ्याजवळ आल्या. "धवलारीन कुठची आनलीस रं? पारूच्या गल्यातली वाटते." मी म्हणालो, "उरणकडची आहे, काकी." पडदा माझ्यापासून दोन हातांवर होता.

निघताना आहेर देण्याची वेळ आली. धवलारणीच्या मानाची साडीचोळी मी आणलीच नव्हती. घरच्या पुरुषांसाठी घेतलेल्या निळ्या रेघांच्या शर्टपिसांतला एक मी नारळासह त्याच्या हातात ठेवला. त्याने तो कपाळाला लावला आणि अगदी सहज विचारले, "दादा, उरनला जायला आता गाडी मिलंल का?" मी हसलो. हसण्याखेरीज मी काही करू शकलो असतो, हे कळायला फार काळ लागला.

पुढच्या वर्षी त्याचा 'आहेर' नावाचा एकपात्री प्रयोग आला. तिकीट रेश्माने आणून दिले. मी एकटाच गेलो आणि तिसऱ्या रांगेत बसलो. मीठाबाई आली ती निळ्या रेघांच्या चोळीत. माझ्या अंगावर त्याच ताग्यातल्या कापडाचा शर्ट होता. चोळीला डाव्या बाजूस शर्टासारखा खिसा ठेवलेला, आणि त्यातूनच ती दृष्ट काढायला मीठ घेत होती. प्रेक्षकांना चोळी दाखवत ती म्हणाली, "आमच्या दादानी आहेर केला. पीस त्याचा, माप माजं." सभागृह टाळ्यांनी भरून गेले. मी ऐकत राहिलो, त्या आवाजात कुठे डंख सापडतो का ते शोधत. नव्हता. सापडला असता तर मला सोपे गेले असते. ज्या कापडाने मी त्याला झाकू पाहिले, त्याचे त्याने इतके देखणे, नेमक्या बेताचे वस्त्र केले होते... प्रयोग संपल्यावर आत जाऊन त्याला भेटायला हवे होते. मी शर्टावर रुमाल धरून बाहेर पडलो.

यंदा धाकटीचे, मीनलचे लग्न ठरले तेव्हा मी त्याला फोन केला. या वेळी पडदा नसेल, म्हणालो. मानाची साडी मी स्वतः आणीन, तू मीठाबाई होऊन ये. तो म्हणाला, "येते. पन उरनवरून नाय हां, दादा." साडी मोरपिशीच हवी, हेही बजावले. क्षमा मागण्याचे मी प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवले. आयुष्यभर मी योग्य वेळेची वाट पाहण्याला सभ्यता समजत आलो.

दहाव्यानंतर सुमनने ती चोळी माझ्याकडे दिली. हळदीच्या दिवशी मांडवाच्या मधोमध पाट मांडला, त्यावर मोरपिशी साडी ठेवली आणि साडीवर चोळी. गेलेल्या माणसाचा आवाज हळदीला लावू नये, असे दोघातिघांनी सुचवले. मग मलाही हळद लावू नका, मीनल म्हणाली. त्याच्या प्रयोगातल्या धवल्यांचे ध्वनिमुद्रण तिच्यापाशी होते. तो आवाज मांडवात उठला आणि खुर्चीत बसवलेल्या जनाकाकींनी मान वर केली. आता त्यांना नीट दिसत नाही. "ही तर तुज्या थोरलीच्या लग्नातली. उरनवाली."

मी त्यांच्या पायाशी बसलो. वर्गात, सभांत, घरातही जी बोली मी कित्येक वर्षे तोंडात येऊ दिली नव्हती, तीच आली. "उरनची नाय, काकी. आपला जगू हाय. पारूमावशीचा. तवा पन तोच व्हता."

आजूबाजूचे सगळे ऐकत होते. काकींनी जरा विचार केला. "मंग त्याला पडद्यामागं कशाला बसवलास?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. मला हात धरायला लावून त्या उठल्या, पाटापाशी गेल्या, ताटातली हळद बोटांवर घेऊन चाचपडत चोळीच्या खांद्याला लावली. धवलारणीला लावतात तशी.

ती चोळी आता माझ्या कपाटात, माझ्या शर्टांच्या ओळीत टांगलेली आहे. हळदीचा डाग मी धुतलेला नाही, खिशातले मीठही काढलेले नाही. सकाळी शाळेत जाताना शर्ट घ्यायला हात घातला की बोटे आधी त्या खिशाला लागतात. तो ओलसर असतो.